आधी कोणास शिकवावे?

मुलांस काय शिकवावे, केव्हा शिकवावे आणि कोणत्या भाषेत शिकवावे, या प्रश्नांवर आमच्या समाजात जितकी शाई खर्च झाली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रश्नावर झाली असेल. परंतु मुलांच्या भोवती जी मोठी माणसे वावरतात त्यांसही काही शिकविले पाहिजे, असे म्हणणारा मनुष्य भेटला की आमची सुशिक्षित मंडळी प्रथम हसतात, आणि तो तरीही बोलतच राहिला तर रागावतात. हा राग आम्ही शहाड येथे समक्ष पाहिला. तो पाहिला नसता तर हा लेख लिहिण्याची बुद्धी आम्हास बहुधा झाली नसती.

शहाड ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. कल्याणच्या पुढे मध्य रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कसाऱ्याच्या फाट्यावरचे पहिले स्थानक शहाड. एका अंगास उल्हासनगर, दुसऱ्या अंगास उल्हास नदी, मध्ये रेयॉनचा कारखाना, बिर्लांचे विठ्ठलमंदिर आणि मुरबाडकडे जाणारा रस्ता. आणि या सर्वांच्या सांदीत उभ्या राहिलेल्या चाळी, इमारती व अलीकडचे मनोरे. येथील पुष्कळ कुटुंबांत कर्ता पुरुष, आणि आता बहुधा कर्ती स्त्रीही, दिवस उजाडण्याच्या सुमारास मुंबईकडची गाडी गाठते व दिवेलागण होऊन गेल्यावर परतते. जे कारखान्यात आहेत त्यांस पाळ्या आहेत. तेव्हा शहाडच्या मुलाचा दिवस कोणाच्या हाती असतो, हे एकदा मोजून पाहावे. सकाळी रिक्षावाले काका. मग शाळेच्या फाटकावरचा पहारेकरी, वर्गातील बाई, मधल्या सुटीत पाण्याच्या नळापाशी उभी असणारी मावशी. दुपारी आजी-आजोबा, व ते नसतील तर शेजारच्या वहिनी. संध्याकाळी शिकवणीचे सर. आणि मूल मोठे असेल तर याउपर कल्याण-ठाण्याच्या क्लासाचे चालक. आईबापांच्या वाट्यास सकाळचा अर्धा तास आणि रात्रीचे दोन तास येतात; त्यांतलाही बराच भाग डबा, अभ्यास व मोबाइल यांच्या भांडणात जातो. ज्या सात-आठ माणसांच्या हवाली आपण आपले मूल करितो, त्यांपैकी एकासही, मूल घाबरलेले दिसले तर काय करावे, एवढे कोणी कधी सांगितलेले नसते. रिक्षा चालविण्यास परवाना लागतो. रिक्षातल्या मुलांपैकी एक महिनाभर मुकाट बसून आहे हे ओळखण्यास काहीच लागत नाही, म्हणून ते कोणी ओळखीतही नाही.

दुसऱ्या फाट्यावर बदलापूर आहे. तेथील एका शाळेत शिशुवर्गातील चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार ऑगस्ट २०२४ मध्ये पुढे आली. २० ऑगस्टला संतप्त नागरिक रुळांवर उतरले आणि सुमारे दहा तास गाड्या बंद राहिल्या. आरोपी पुढच्याच महिन्यात, खटला उभा राहण्यापूर्वी, पोलिसांच्या ताब्यात असताना पोलिसांच्याच गोळीने मेला. त्यावर समाधान मानणारेही पुष्कळ निघाले. शासनाने शाळाशाळांतून एका महिन्याच्या आत कॅमेरे बसविण्याचा हुकूम काढला. एवढे सर्वांस आठवते. जे आठवत नाही ते हे की, मुलींनी सांगितले होते. ज्यांस अजून आपले पूर्ण नाव सांगता येत नाही अशा वयाच्या त्या मुली, पण बोलायचे ते बोलल्या. घरच्यांनी ऐकले, डॉक्टर गाठला. त्यानंतर जे अडले ते मोठ्यांच्या दारी अडले. पोलिसठाण्यात फिर्याद लिहून घेण्यास तासन्‌तास गेले. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरण आपण होऊन हाती घेतले तेव्हा न्यायमूर्तींनी पोलिसांस व शाळेस, दोघांसही खडसावले. आणि शाळेच्या चालकांवर पुढे जो गुन्हा दाखल झाला तो समजल्यानंतरही न कळविल्याचा होता. त्याचा निकाल न्यायालय लावील. आमचा मुद्दा इतकाच की, ‘मुलांनी बोलले पाहिजे’ हा जो उपदेश आपण उठल्यासुटल्या करितो तो मुलांनी पाळला होता.

त्याच दिवसांत शहाडजवळच्या एका शाळेत पालकांची सभा भरली. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. सभा मोठी झाली, आवाज त्याहून मोठे झाले. कॅमेरे किती हवेत, जिन्यात हवेत की नकोत, त्यांचा खर्च फीमध्ये धरावा की वेगळा घ्यावा, यावर तासभर गेला. मागच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. सूनबाई कामावर गेल्यामुळे त्या आल्या असाव्यात. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “नातीनं येऊन मला असलं काही सांगितलं, तर मी तिला काय म्हणायचं, ते कुणी शिकवाल का?” क्षणभर शांतता पसरली. मग व्यासपीठावरून उत्तर आले, “आजी, तुम्ही फक्त लगेच आम्हाला कळवा,” आणि सभा पुन्हा कॅमेऱ्यांच्या दरपत्रकाकडे वळली. आम्हास राहवले नाही. आम्ही उठून म्हणालो की, आजींनी विचारले तोच आजच्या सभेचा खरा विषय आहे, आणि कॅमेऱ्यापूर्वी आपण सर्वांनी, म्हणजे बाईंपासून रिक्षावाल्यांपर्यंत आणि आईबापांपासून आजी-आजोबांपर्यंत, काही तास बसून हे शिकून घ्यावे. यावर एक सुविद्य गृहस्थ तांबडेलाल होऊन म्हणाले, “आता मुलं वाढवायलाही आम्हाला क्लास लावणार का? आमच्या आईवडिलांनी कुठला कोर्स केला होता?” टाळ्या पडल्या.

टाळ्या पडल्या म्हणूनच या प्रश्नास सविस्तर उत्तर देणे प्राप्त आहे.

आमच्या आईवडिलांनी कोर्स केला नव्हता, हे खरे. त्याचा परिणाम काय झाला तेही छापील आहे. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांस विचारून तो तयार झाला होता, आणि त्या राज्यांत महाराष्ट्र होता. निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५३ मुलांनी, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलींपेक्षा मुलगे किंचित अधिक होते. आणि बहुतेकांनी ही गोष्ट कोणापाशी बोललेली नव्हती. ती मुले ज्या आईवडिलांनी वाढविली त्यांनी खरोखरच कुठला कोर्स केला नव्हता. ती मुले आता मोठी झाली आहेत. त्या सभेत बसलेल्या तरुण आईबापांपैकी कित्येक याच पिढीचे होते. टाळ्या वाजविणाऱ्यांत जे वाजवीत नव्हते, त्यांच्याकडे पाहण्याचे आम्हास तेव्हा सुचले नाही, याची आता खंत वाटते.

दुसरा आक्षेप असा की हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. असे म्हणणाऱ्यांस आपल्याच जिल्ह्याचा इतिहास ठाऊक नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस काम उभे केले आणि पुढे ते कोसबाडास नेले. ही दोन्ही गावे आज पालघर जिल्ह्यात मोडतात, पण त्या काळी आणि २०१४ पर्यंत ती ठाणे जिल्ह्यातच होती. मुलांसाठी शाळा काढणारे पुष्कळ झाले. ताराबाई व गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला तो मात्र एवढ्यावर थांबला नाही. मुलांपाशी कसे बसावे, त्यांच्यावर हात न उगारता त्यांस कसे पाहावे, हे मोठ्यांस शिकविण्यासाठी त्यांनी अध्यापनवर्ग चालविले, पालकांसाठी मासिक चालविले. मुंबईस दोराबजी टाटांच्या नावाने निघालेल्या समाजकार्याच्या विद्यालयाने १९३७ सालीच मुलांच्या मनाच्या तक्रारींसाठी मार्गदर्शनाचे केंद्र उघडले होते. संकटातील मुलांसाठी चालणारी १०९८ ही दूरध्वनीची सोय १९९६ साली निघाली ती मुंबईतच. आणि मनाच्या आरोग्याविषयी सामान्य माणसाशी मराठीत बोलावे या हेतूने ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांचे सहकारी १९९० पासून एक संस्था चालवीत आले आहेत. खूळ म्हणावे तर ते आमचेच आहे, आणि बरेच जुने आहे. ते दूर देशातून आले असते तर कदाचित त्याची फी भरून आम्ही रांगेत उभे राहिलो असतो!

आता कायद्याकडे वळू. मुलांवरील लैंगिक अत्याचारांस आळा घालणारा पोक्सो कायदा २०१२ साली झाला. असा अपराध घडल्याचे ज्यास कळले, त्याने ते पोलिसांस कळविलेच पाहिजे, असे तो सांगतो. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेचा प्रमुखच गप्प बसला तर त्यास एका वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२० साली या कायद्याखाली जे नियम झाले त्यांत, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक माणसास, तो कायम नोकरीतला असो वा कंत्राटी, वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे असे स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये शाळाशाळांतून ‘सखी सावित्री समिती’ नेमण्यास सांगितले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तेच पुन्हा सांगावे लागले. पहिल्या आदेशाचे काय झाले, हे यावरून कोणीही ओळखावे. सफाई कामगार, मावशी, पहारेकरी व बसचालक यांस कंत्राटदाराकडून घ्यायचे, त्यांच्या पगाराचे कागद तपासायचे, आणि ज्या मुलांत ती माणसे दिवसभर वावरतात त्यांच्याविषयी त्यांस एक अक्षर सांगायचे नाही, ही आमची रीत. काही पालकांस भय वाटते की असे शिक्षण दिले म्हणजे प्रत्येक काका-मावशीवर संशय घेतल्यासारखे होईल. उलट आहे. आज आपण त्यांच्याकडे केवळ संशयाने पाहतो. शिकविले तर त्यांतील बहुसंख्य सज्जन माणसे मुलांचे पहिले राखणदार होतील. गुन्ह्यांच्या वार्षिक सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की, मुलांवरील बलात्काराच्या दहा प्रकरणांपैकी नऊंहून अधिकांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. कॅमेरा जिन्यावर असतो. ओळखीचा मनुष्य घरात असतो.

मग मोठ्यांनी शिकायचे तरी काय? कोणी असे समजू नये की प्रत्येकाने मनोवैद्य व्हावे. शिकायचे ते थोडे आहे, पण ते आपल्या स्वभावाच्या उलट आहे, म्हणून ते शिकावेच लागते. मूल काही भयंकर सांगू लागले की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते, “खरं सांगतेस ना?” दुसरे, “तू तिथे गेलीसच कशाला?” आणि तिसरे, “हे कुणाला बोलू नकोस हं!” ही तीन वाक्ये प्रेमळ घरांतून निघतात, आणि त्यांनी मुलाचे तोंड वर्षानुवर्षे बंद होते. त्याऐवजी मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे; ‘सांगितलेस हे बरे केलेस’ आणि ‘यात तुझी चूक नाही’ एवढेच म्हणावे; त्यास पुनःपुन्हा खोदून विचारू नये, कारण तो तपास करणाऱ्यांचा धर्म आहे, आणि मुलाच्या तोंडून तीच कहाणी दहादा वदविणे म्हणजे तोच छळ दहादा करणे होय. त्याने जे शब्द वापरले ते जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवावे. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही, आणि मोडले की मुलाचा उरलासुरला विश्वासही जाईल. मग कळवावे. ‘शाळेची अब्रू’, ‘घराण्याची अब्रू’, ‘मुलीचे पुढे कसे होणार’ ही कारणे कायदा ऐकत नाही. शिवाय तोच कायदा मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यावा, मुलास रात्री पोलिसठाण्यात ठेवू नये, त्याची ओळख उघड करू नये, असेही सांगतो. किती सुशिक्षित घरांस हे ठाऊक आहे? ठाऊक नसते म्हणूनच पोलिसठाण्याच्या धास्तीने प्रकरणे दाबली जातात. “आम्हाला कळवा” हे त्या सभेतले उत्तर म्हणूनच आम्हास खटकले. आजींनी शाळेस कळविले आणि शाळेने ते आपल्याच कपाटात ठेवले, तर पुढे काय?

हे लहानांचे झाले. वयात आलेल्या मुलामुलींचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण त्यांचे दुखणे सहसा कोणाचे कृत्य नसते. ते घरातल्या हवेत असते. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्मघात केला, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला होता: १,७६४. आम्ही नेहमी पहिला येण्याची शर्यत लावतो. ही यादी कोणी गुणपत्रिकेसारखी दिवाणखान्यात टांगणार आहे काय? राजस्थानातील कोटा शहरात २०२३ साली वसतिगृहांतील पंख्यांस स्प्रिंगा लावण्याचा हुकूम निघाला. अशी स्प्रिंग एखादा जीव वाचवीलही. आम्ही तीस हसत नाही. परंतु बदलापूरनंतर कॅमेरा आणि कोट्यास स्प्रिंग, दोन्ही ठिकाणी आम्ही वस्तूवर विश्वास टाकला, यात एक लक्षण आहे. वस्तू विकत मिळते आणि पावती फाडली की कर्तव्य संपते. समोरच्या मुलाचे जेवण कमी झाले, झोप उडाली, आवडीची क्रिकेटची बॅट त्याने मित्रास देऊन टाकली, ‘माझं तुम्हाला ओझंच आहे’ असे तो एकदा हसत हसत म्हणाला, हे ध्यानात घेणे विकत मिळत नाही. आमच्या घरांतून मुलग्यांस तर रडण्याचीही मुभा नाही. “मुलगा आहेस ना?” या एका प्रश्नाने किती जणांस गप्प केले असेल! आणि एवढे होऊनही आईबाप सरळ विचारण्यास कचरतात, कारण विचारले तर नसलेली कल्पना मुलाच्या डोक्यात शिरेल अशी समजूत आहे. ही समजूत खोटी आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेपासून सर्व जाणकार आता सांगतात. “तुला जगू नये असे वाटते का?” असे शांतपणे विचारल्याने अपाय होत नाही, बहुधा इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे उतरविण्यास जागा मिळते. त्यानंतर त्यास एकटे सोडू नये आणि जाणकारापाशी न्यावे. रात्री-अपरात्री कोणी जवळ नसेल तर १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी जो निर्णय दिला, तो प्रत्येक पालकाने वाचावा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे निदान एक समुपदेशक नेमावा. आणि शाळा, महाविद्यालये व क्लास यांतील शिकविणाऱ्या व न शिकविणाऱ्या सर्व नोकरवर्गास, अशा प्रसंगी काय करावे याचे प्रशिक्षण वर्षातून निदान दोनदा द्यावे, असे त्यात आहे. पालकांसाठीही वर्ग घ्यावेत, असेही आहे. हे वाचताना आम्हास १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट आठवला. दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी, आणि ती नुसती भिंतीवर टांगलेली नव्हे, तर प्रथमोपचाराचा दाखला मिळविलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात, असे त्या कायद्याने ठरवून दिले होते. शहाडसारख्या कारखान्याच्या गावास हे निराळे सांगणे नको. कामगाराचे बोट कापले तर पट्टी बांधणारा शिकलेला मनुष्य हवा, हे आम्हास स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी कळले. मुलाचे मन कापले गेले तर तसाच मनुष्य हवा, हे कळण्यास आणखी सत्त्याहत्तर वर्षे लागली. त्या कारखान्यांतील कोणी कामगाराने कधी “आमच्या वडिलांनी कुठं पट्टी बांधायला शिकलं होतं?” असे विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हा प्रश्न सुशिक्षितांसच सुचतो.

एक धोका मात्र आहे, आणि तो आमच्या बाजूचा असल्यामुळे आम्हीच सांगितला पाहिजे. या प्रशिक्षणाचे आमच्याकडे व्याख्यान होईल. दीडशे माणसे एका सभागृहात कोंबून, पडद्यावर चित्रे दाखवून, हजेरीपटावर सह्या घेऊन व चहा पाजून तासाभरात ते उरकले जाईल, छायाचित्र वर पाठविले जाईल, आणि ‘वर्षातून दोनदा’ या कलमापुढे बरोबरची खूण होईल. असे व्याख्यान न झालेले बरे, कारण त्याने आपण शिकलो असा भ्रम तेवढा होतो. पोहणे काठावर बसून येत नाही. पंधरा-वीस माणसांनी बसावे, एकाने घाबरलेले मूल व्हावे, दुसऱ्याने आपण काय बोललो असतो ते खरोखर बोलून दाखवावे, चुकावे, शरमावे, पुन्हा बोलावे. एवढे केले तरच प्रसंगी जीभ वळते.

निर्णयाची छापील प्रत घेऊन आम्ही त्या शाळेत गेलो होतो. सभागृह मिळाले नाही. परीक्षा जवळ आली होती. शेवटी एका इमारतीच्या गच्चीवर, रविवारी सकाळी, एका समुपदेशक बाईंना बोलावून आम्ही बसलो. सतरा जण आले. त्यांत सहा रिक्षावाले होते, शाळेतल्या दोन मावशी होत्या, शिकवणी घेणारी एक तरुण मुलगी होती, बाकीच्या बहुतेक आज्या. सभेत टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी एक जण आला, आणि जिन्यापाशी उभा राहून ऐकत राहिला. पहिला प्रयोग रिक्षावाल्यांनी केला. एकजण मूल झाला, दुसरा काका. काकांनी पहिल्याच वाक्यात “खोटं बोलू नकोस” म्हटले आणि सारी गच्ची हसली. तिसऱ्या खेपेस त्यांस नीट जमले. त्या आजीही आल्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा समोर बसलेल्या मावशीचा हात त्यांनी हाती घेतला आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग समुपदेशक बाईंकडे वळून म्हणाल्या, “एवढं गप्प बसलं तर चालतं ना?”

बाई म्हणाल्या, “चालतं. पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करू.”